नेदर पिलबरीची झडप

नेदर पिलबरी या गावात बघण्यासारखं काहीही नाही, असं डॉ. सुचेता खांबेटे यांचं ठाम मत होतं, आणि हे मत त्या त्याच गावात राहून रोज नव्याने ऐकवत असत. ऐकायला बहुतेक वेळा नवराच असे. डॉ. शशी खांबेटे हा गृहस्थ मुळात ऐकण्यासाठीच जन्माला आला होता.

मत अगदीच चुकीचं होतं असं नाही. इंग्लंडातल्या श्रॉपशायरच्या एका खोलगट पट्टीत हे गाव परातीच्या तळाशी चिकटलेल्या पिठासारखं बसलं आहे. वरच्या अंगाला चर्च, त्याच्याखाली पब, पबच्या खाली ओढ्याच्या कडेकडेने गेलेली पाउंड लेन नावाची बुटक्या दगडी घरांची ओळ आणि ओळीच्या शेवटी जुनी पाणचक्की. संपलं गाव. चर्चमागच्या उंचवट्याला लोक ‘द हिल’ म्हणतात. सांगलीत त्याला स्पीडब्रेकर म्हटलं असतं. ओढ्याचं नाव पिल, आणि नकाशावर त्याला चक्क नदी म्हटलेलं आहे. सुचेताबाई सांगलीच्या, कृष्णाकाठी वाढलेल्या. पहिल्यांदा त्यांना ती नदी दाखवली तेव्हा त्या मिनिटभर शोधत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “ही? अरे, हिच्यात माझी साडीसुद्धा धड भिजायची नाही.”

इतिहासाचं तर विचारूच नका. गावात एक इतिहास मंडळ आहे. त्यातले सगळे सभासद स्वतःच इतिहासजमा व्हायच्या बेतात आहेत. हजारेक वर्षांपूर्वी राजाने सगळ्या देशाची मोजदाद केली, तिच्यात या गावाबद्दल दीड ओळ आहे: एक पाणचक्की आणि डुकरं चारण्याजोगं रान. एवढ्यावर ही माणसं हजार वर्षं छाती फुगवून आहेत. एक राजा म्हणे इथे एक रात्र झोपला होता. “झोपणारच,” सुचेताबाई म्हणत, “दुसरं करण्यासारखं होतं काय त्याला इथे?”

मग त्या इथे आल्या कशाला, हा प्रश्न कुणालाही पडेल. दोघं मिरजेच्या मेडिकल कॉलेजातले वर्गमित्र. लग्न करून इकडे आले. ती जिल्ह्याच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ झाली, तो जवळच्या बाजारगावात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. निवृत्तीच्या सुमाराला शशीला ही पाणचक्की विकायला निघालेली दिसली आणि त्याचा जीव जडला. जातं कधीच बंद पडलेलं, आत छान घर केलेलं, आणि पुढ्यात तळं. त्या तळ्याचा फोटो बघून सुचेताबाईही पाघळल्या. घराला तळं आहे म्हटल्यावर मँचेस्टरच्या मराठी मंडळातल्या बायकांचे चेहरे कसे होतील, हे त्यांना लख्ख दिसलं. गणपतीच्या दिवसांत मंडळ बघायला आलं, चेहरे हवे तसे झाले, आणि पुढची अकरा वर्षं त्या चेहऱ्यांची किंमत मोजण्यात गेली.

कारण तळ्याबरोबर झडप आली होती.

झडप म्हणजे चक्कीच्या बांधातलं ओकचं जाड दार. वर लोखंडी चाक. चाक फिरवलं की दार उचललं जातं. दार खाली असलं की ओढा तुंबून तळं होतं, वर असलं की पाणी सरळ निघून जातं आणि तळ्याच्या जागी उरतो काळा चिखल, दोन सायकली आणि कुठल्याशा सुपरमार्केटची ढकलगाडी. गावाचा रिवाज असा, की सप्टेंबरच्या अखेरीस मायकेलमसच्या सणाला झडप उचलायची आणि मार्चअखेर परत खाली करायची. हे काम चक्कीत राहणाऱ्याचं. घर घेताना वकिलाने हे वाचून दाखवलं होतं, आणि बाईंनी ते हसण्यावारी नेलं होतं. गावठी सजावट आहे, दारावरच्या घोड्याच्या नालेसारखी, असं त्या धरून चालल्या.

त्यामुळे दर वर्षी हे काम गिल्बर्ट प्रीस करायचा. प्रीस पाउंड लेनच्या पहिल्या घरात राहणारा विधुर, ऐंशीच्या घरातला, ओलसर कुत्र्याच्या वासाचा. मायकेलमसला सकाळी टाय लावून यायचा, मागे इतिहास मंडळाची वरात. चाक फिरायचं, पाणी सुटायचं, सगळे टाळ्या वाजवायचे आणि बाईंच्या हिरवळीवर उभे राहून सायडर प्यायचे. जाताना प्रीस डॅमसन नावाच्या जांभळ्या आलुबुखाराच्या, स्वतः केलेल्या जॅमची बरणी ठेवून जायचा. आंबटढोण जॅम. सुचेताबाई तोंडभर थँक्यू म्हणायच्या आणि बरणी गॅरेजात, आधीच्या बरण्यांच्या रांगेत, नेऊन ठेवायच्या.

“एका फळकुटाला टाय लावून भेटायला येतात,” त्या शशीला म्हणायच्या. “आणि आपल्याला? अकरा वर्षांत माझं नाव यांच्या तोंडात बसलं नाही. डॉक्टर के! मी काय अल्फाबेट आहे?”

हे मात्र त्यांना खरंच लागलं होतं. एरवी तिरस्काराची मजा घेत असत, पण हे दुखायचं. पाउंड लेनच्या टोकाला ओढ्यावर छोटा दगडी पूल आहे. त्याच्या खांबावर आडव्या रेघा कोरलेल्या आहेत आणि प्रत्येक रेघेपाशी साल आणि एक नाव. १७९५, टी. गफ. १८५२, डब्ल्यू. बेबिंग्टन. १९१२, ए. प्रीस. पूर किती चढला त्या खुणा, हे कुणीही ओळखेल. नावं गावच्या बड्या धेंडांची असणार, असं बाईंनी परस्पर ठरवून टाकलं. शशीने एकदा सांगायला सुरुवात केली होती, “अगं, ती नावं म्हणजे...” पण तो इतिहास मंडळात जायला लागल्यापासून त्याचं कुठलंही वाक्य राजा-राणीपाशी जाऊन थांबायचं, म्हणून त्यांनी “पुरे” म्हटलं आणि तो पुरे झाला.

“दगडावर नाव लागायला इथे दोनशे वर्षं आधी जन्मावं लागतं,” त्या पुलावरून जाता-येता म्हणत. “आपण नुसतेच भाडेकरू.”

अशात वैभवीला मुलगी झाली. वैभवी ही त्यांची एकुलती एक लेक, लंडनच्या कडेला हॅरोला राहणारी. नात अन्वी बघता बघता बोलायला लागली, आणि आजीला फोनवर ‘बाय’ एवढंच म्हणायला शिकली. सुचेताबाईंनी ठरवलं, घर विकायचं आणि हॅरोला जायचं. तिथे कोथिंबीर जुडीने मिळते, शेजारी मराठी आहेत, नात चार पावलांवर. यात चूक काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना एखादी गोष्ट दुसऱ्याला दाखवण्यासाठी नव्हे, स्वतःसाठी हवी होती. पण घराला गिऱ्हाईक मिळेना. खेड्यातली जुनी चक्की घेणारे वेडे रोज सापडत नाहीत. वर्षभर लोक आले, चहा प्याले, गेले. हॅरोतलं वैभवीच्या रस्त्यावरचं एक घर त्यांच्यासाठी महिनाअखेरपर्यंत थांबणार होतं, त्यापुढे नाही. शेवटी लंडनचं एक जोडपं तयार झालं. फोटोतल्या तळ्यावरच ते लट्टू झाले असणार, असं बाईंनी ठरवून टाकलं. बघायला येणार होते ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी.

आणि मायकेलमस त्या शनिवारच्या आधी येत होता.

प्रीस टाय लावून आला तेव्हा बाई फाटकातच उभ्या होत्या. “या वर्षी नाही, मिस्टर प्रीस,” त्या म्हणाल्या. “शनिवारी लोक घर बघायला येताहेत. त्यांना मी चिखल दाखवू का? रविवारी काय उचलायचं ते उचला.”

प्रीसने टोपी काढली. “डॉक्टर, शुक्रवारी मोठा पाऊस सांगितलाय.”

“पडू दे ना. इथे पडतो त्याला तुम्ही पाऊस म्हणता.”

“पिल लवकर चढते, डॉक्टर. डोंगराकडून येते. आणि झडप बंद असली की पाणी मागे जातं, पाउंड लेनकडे. चक्की उंच जोत्यावर आहे, तुम्हाला काही होणार नाही.”

“मिस्टर प्रीस, मी कृष्णेकाठची आहे. सांगलीची. आमच्या घरात पूर बघतच मी मोठी झाले. पुराबद्दल तुम्ही मला शिकवू नका.”

आणि इथेच बाई फसल्या. कृष्णेचा पूर खानदानी. वर कोयनेचे दरवाजे उचलले की आधी बातमी येते, मग पाणी घाटाची एकेक पायरी चढत येतं. धान्य माळ्यावर टाकायला, म्हाताऱ्यांना हलवायला, वर चहा करून प्यायला माणसाला सवड मिळते. पुराला एवढी रीतभात असते, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. पिलसारख्या फालतू ओढ्याला कसली आलीय रीतभात? तो घटकेत अंगावर येतो. मोठ्या नदीच्या माणसाला ओढा कळत नाही, आणि विचारून घ्यायचा तर आपला पाणउतारा होतो.

प्रीस बरं म्हणाला आणि गेला. या माणसांचं हे ‘बरं’ बाईंना कधीच खरं वाटलं नव्हतं. रात्री येऊन गुपचूप चाक फिरवतील, अशी त्यांना खात्री. म्हणून त्यांनी गावातून सायकलचं जाडजूड साखळीचं कुलूप आणलं, चाकाला घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. शशी खिडकीतून बघत होता.

“सुचेता, हे जरा अति होतंय,” तो म्हणाला.

“तुला अन्वी हवी की चिखल?”

शशीने खिडकी लावून घेतली. दुसरं करतो काय!

गुरुवारी बाई हॅरोला गेल्या. वैभवीकडच्या चांगल्या उशा आणि पडदे घर दाखवायला आणायचे होते. शुक्रवारी दुपारी लेकीच्या स्वयंपाकघरात पोहे खात बसल्या असताना फोन वाजला. पडद्यावर प्रीसचं नाव.

“घे ना आई,” वैभवी म्हणाली.

“म्हातारा आहे. झडप, झडप, झडप. त्याला दुसरं सुचत नाही.” त्यांनी फोन कापला. तो पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा शशीचा आला, तो घेतला.

“सुचेता, इथे फार पाऊस आहे. ओढा वर आलाय. हे सगळे बाहेर उभे आहेत. किल्ली तुझ्याकडे आहे. मिस्टर प्रीस विचारताहेत, लॉक कट केलं तर चालेल का?”

“खबरदार! एक दिवस, शशी. फक्त एक दिवस कळ काढायला सांग त्यांना. उद्या ते लोक येणारेत. तू मध्ये पडू नकोस.”

“पण पाउंड लेनला...”

“पाणी असं एकदम येत नाही. मला माहितीय. पायरी-पायरीने येतं. उद्या दुपारी मी स्वतः उघडून देते, जा.”

फोन ठेवून त्यांनी तो पालथा घातला. “काय झाला?” वैभवीने विचारलं. “पाऊस आली का तिकडे?”

“पाऊस आला,” बाईंनी लेकीचं मराठी दुरुस्त केलं, आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

इकडे नेदर पिलबरीत जे चाललं होतं ते बघून सांगलीची माणसं वेडी झाली असती. सगळी पाउंड लेन रेनकोट घालून त्या कुलपाभोवती उभी होती. शेतकरी होते, त्यांच्याकडे असलं कुलूप लोण्यासारखं कापणारं यंत्र होतं. पण मालकीणबाई ‘नको’ म्हणाल्या होत्या. दुसऱ्याच्या कुलपाला असा हात कसा लावायचा? ओढा डोळ्यांदेखत फुगत होता आणि हे शहाणे एकमेकांना विचारत होते, काय करावं बरं? शशीकडे बघत होते. घर त्याचंही होतं. त्याने एकदा ‘तोडा’ म्हटलं असतं तर काम झालं असतं. तो म्हणाला, “मी पुन्हा फोन करून बघतो.” पालथा फोन वाजत राहिला. या सभ्यपणाला काय म्हणावं? जिथे एका दणक्यात निभावलं असतं, तिथे दोन्ही बाजूंचा भित्रेपणा सभ्यतेचा कोट घालून पावसात भिजत उभा होता.

शेवटी मिसेस टज, वय नव्वद, हिच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं. ती खिडकीतून ओरडली नाही. खिडकीत येऊन तिने फक्त हात हलवला. ते बघून प्रीस यंत्र घेऊन आला, शशीला आधी “सॉरी, डॉक्टर” म्हणाला आणि मग साखळी कापली. झडप वर गेली, पण तोवर पाणी पाउंड लेनच्या एकूण एक घरातून फिरून आलं होतं. मिसेस टजला ट्रॅक्टरच्या पुढच्या सुपात बसवून बाहेर काढलं. माणूस कुणी दगावलं नाही. गालिचे, कपाटं, प्रीसच्या घरातलं बायकोचं शिवणयंत्र, फोटो, सगळं गेलं. जॅमच्या बरण्या वाहत पुलाशी येऊन अडकल्या.

सुचेताबाई अंधार पडता पडता टॅक्सीने उशा-पडद्यांसकट पोचल्या. त्यांचं घर कोरडं ठणठणीत होतं. तळ्याच्या जागी चिखल, दोन सायकली आणि ती ढकलगाडी होती. आणि सगळी पाउंड लेन घरातलं सामान रस्त्यावर काढून बसली होती.

त्या भांडायच्या तयारीत होत्या. सांगलीला असं झालं असतं तर दारात माणसं येऊन सात पिढ्यांचा उद्धार करून गेली असती, आणि बाईंनी तोडीस तोड उत्तर दिलं असतं. मग रडारड झाली असती, कुणीतरी मध्ये पडलं असतं, आणि गोष्ट मिटली असती. इथे कुणी आलंच नाही. त्या स्वतः गेल्या. मिसेस टज घोंगडीत बसून चहा पीत होती. “सॉरी,” बाई म्हणाल्या. “असं होतं कधीकधी,” ती म्हणाली आणि त्यांनाही चहा विचारला. प्रत्येक दारात हेच. कुणाचा आवाज चढेना. सुचेताबाई घरी आल्या आणि सोफ्यावर बसून राहिल्या. त्यांना फार लाज वाटली. ती कुणापाशी बोलावी, हे मात्र त्यांना कळेना. शशी समोरच होता, पण त्याला सांगायची त्यांना सवय नव्हती.

शनिवारी लंडनचं जोडपं आलं. बाई मेलेल्या मनाने दार उघडून उभ्या राहिल्या. जोडप्याने चिखल बघितला, त्यातली ढकलगाडी बघितली, पाउंड लेनच्या भिंतींवर वाळत घातलेले गालिचे बघितले. “किती ऑथेंटिक!” ती म्हणाली. “तळ्यात डास होतील म्हणून आम्ही तसंही ते काढूनच टाकणार होतो,” तो म्हणाला. घर त्यांनी घेतलं.

एवढ्यासाठी! सुचेताबाईंना हसू फुटलं नाही आणि रडूही. महिनाअखेरीस हॅरोचं घर ठरलं, सामान खोक्यांत भरलं गेलं. गॅरेज रिकामं करताना जॅमच्या बरण्यांची रांग सापडली, धुळीने भरलेली, एकही न उघडलेली. शशीने एक उघडली, बोटाने चाखली आणि म्हणाला, “चांगला आहे गं.” बाईंनी दुसऱ्या बरणीवरची धूळ पुसली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी प्रीस आला. आज टाय होता. बरणी नव्हती. हातात सुतारी पेन्सिल आणि एक पाटीचा तुकडा.

“डॉक्टर, जाण्याआधी एक काम होतं,” तो दारातच उभा राहून म्हणाला. “पुलावर रेघ मारायची आहे. या वर्षीची.”

“मारा ना. मला कशाला विचारता?”

“रेघेपाशी नाव असतं.”

“कुणाचं?”

प्रीसला आश्चर्य वाटलेलं दिसलं. “चक्कीत राहणाऱ्याचं. ज्याच्या हातात झडप होती त्याचं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

आतून शशीच्या पावलांचा आवाज आला आणि थांबला.

“टी. गफ दारू पिऊन पडला होता,” प्रीस म्हणाला. “बेबिंग्टनने पीठ दळायच्या हव्यासापायी उचलली नाही. ए. प्रीस माझे आजोबा. चाकाचा दांडा खिशात घालून लडलोला गुरांच्या बाजारात गेले होते. तेव्हा एक पोर गेलं, टजांचं. मी शाळेत जायला लागलो तेव्हापासून रोज त्या नावासमोरून गेलो. म्हणून मायकेलमसला मी टाय लावतो.”

सुचेताबाईंनी दाराची चौकट धरली. “आम्ही उद्या जातोय, मिस्टर प्रीस. आता घर त्या लोकांचं आहे.”

“पाणी तुमच्या वेळी आलं.”

“घर दोघांच्या नावावर होतं.”

“कुलूप तुमचं होतं, डॉक्टर,” प्रीस म्हणाला. आवाजात राग नव्हता, इथे तो कधीच नसतो. त्याने पाटीचा तुकडा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि पेन्सिल सरसावली. “आम्ही तुम्हाला एवढी वर्षं नुसतं के म्हणत आलो. चुकलंच आमचं. दगडावर तसं बरं दिसणार नाही. नाव पूर्ण सांगता का? मला ते नीट लिहायचं आहे.”

वैभवीच्या रस्त्यावरचं ते घर, कोथिंबिरीच्या जुड्या, मराठी शेजारी, सगळं उद्यावर आलं होतं. आपण इथून जाणार, आणि आपलं नाव इथेच राहणार, हे सुचेताबाईंना कळलं. त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. प्रीसने सावकाश लिहून घेतलं, आणि मग मान वर करून पहिल्यांदाच त्यांचं आडनाव उच्चारून दाखवलं.

“खांबेटे. बरोबर आहे ना?”

“अगदी बरोबर,” बाई म्हणाल्या.